दोन पिनांचा ॲम्प

एकलहरे, नाशिक रोड
ता. ९ नोव्हेंबर २०२५

चि. दीपक,

तुला आणि वेदिकाला भरपूर आशीर्वाद. मी मजेत आहे, गुडघे सोडून. थंडी पडायला लागली आहे, सकाळी धुक्यात पॉवर हाऊसच्या चिमण्या अर्ध्याच दिसतात.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे पंचाईत असते. तू उचललास की आधी स्पीकर लावतोस, मागे कुकरच्या शिट्ट्या, तिकडून वेदिका ‘आई, जेवलात का’ विचारते, मी हो म्हणते, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की विचारायचं ते राहूनच गेलं. पत्रात कसं, मधे कोणी बोलत नाही.

तर विचारायचं ते असं. मला गिटारसाठी ॲम्प घ्यायचा आहे. हसू नकोस. कॉलेज संपल्यावर तू माळ्यावर टाकून गेलेली गिटार आता माझी झाली आहे, हे तू गेल्या दिवाळीत पाहिलंसच. ‘आई, भारी’ म्हणालास आणि मोबाईलमध्ये डोकं घातलंस. तेव्हा मला जेमतेम तीन कॉर्ड येत होते. आता गाणं सुरू केलं तर शेवटपर्यंत नेता येतं. एफ कॉर्ड अजून रडतो, पण तो सगळ्यांचाच रडतो म्हणे.

घरात वाजवायला ॲम्प कशाला, असं म्हणशील. डबा गिटार आहे, विजेशिवायही खोलीभर ऐकू येते, हे खरं. पण आता बाहेरूनही बोलावणं येतं. मोठं काही नाही. महिनाअखेरीला पॉवर हाऊसमधली माणसं रिटायर होतात, त्यांचा निरोप समारंभ असतो. हार, नारळ, भाषणं झाली की दोन गाणी व्हावीत असं लोकांना वाटतं. एक डोहाळजेवण झालं. सिन्नर फाट्यावरच्या एका हॉटेलवाल्याने रविवारी संध्याकाळी याल का म्हणून विचारलंय. पन्नास-साठ माणसं, डोक्यावर पंखे, बशांचा खणखणाट. त्यात नुसती गिटार कोणाच्या बापाला ऐकू जात नाही.

घरात अगदी हळू लावला तरी आवाज गोड राहिला पाहिजे, कारण भिंतीपलीकडे ठमाबाई आहे. अंगणवाडीत माझी मदतनीस होती तीच, आता शेजारीण झाली आहे आणि कान पूर्वीपेक्षा तिखट झालेत. एकटीने उचलून रिक्षात ठेवता येईल इतका हलका हवा. बॅटरीवर चालला तर सोन्याहून पिवळं, पॉवर हाऊसच्या दारात राहूनही आमची लाइट जाते हे तुला ठाऊक आहे. किंमत मात्र तुझी आई अंगणवाडीतून रिटायर झाली आहे हे लक्षात ठेवून सांग. आणि मुख्य म्हणजे त्याला दोन पिना बसल्या पाहिजेत, एक गिटारची आणि एक माईकची.

माईक कोणाला, असं विचारशील. माझा गळा तुला माहीत आहे, माझी अंगाई ऐकून तू झोपायचा नाहीस, रडायचास. गाणं बोराडेभाऊ म्हणतात. गोरक्ष बोराडे, पॉवर हाऊसमध्ये इलेक्ट्रिशियन होते, कामावर पप्पांच्याच बसने जायचे, तू त्यांना काका म्हणतोस. त्यांची बायको वारली, मुलगी लग्न होऊन ओझरला गेली, आणि रिटायर झाल्यापासून त्यांना काही काम नाही. आवाज बरा आहे. म्हणजे चांगलाच आहे. वरच्या पट्टीत गेले की डोळे मिटतात आणि थांबायचं विसरतात, मग मला गिटार ठोकून त्यांना खाली आणावं लागतं. सरावाला आपल्याकडेच येतात. दार उघडं असतं, ठमाबाई चहाच्या निमित्ताने दोनदा डोकावून जाते. एवढं लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं गेलं.

असो. मुद्दा ॲम्पचा आहे. सवडीने बघून कळव, आणि त्या दोन पिना विसरू नकोस.

तुझी,
आई


एकलहरे
ता. ८ डिसेंबर २०२५

चि. दीपक,

आशीर्वाद. तू व्हॉट्सॲपवर पाठवलेलं सगळं चष्मा लावून दोनदा वाचलं. वॉटच्या मागे लागू नकोस, घराला आणि छोट्या कार्यक्रमाला वीस-तीस पुरेत, हे पटलं. दुकानदार मोठ्याने वाजवून दाखवेल, तू उलट आवाज अगदी कमी करायला सांग, ॲम्प खरा कसा आहे ते तिथे कळतं, हे तर फारच पटलं. माणसांचंही तसंच असतं. इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प घेतलास तर डबा गिटार पत्र्यासारखी वाजेल, तिच्या भोकात तारांचा आवाज पकडणारा पिकअप बसवून घे आणि डबा गिटारसाठीचाच ॲम्प घे, हेही समजलं. तू एवढं मन लावून लिहिशील असं वाटलं नव्हतं. बरं वाटलं.

पण शेवटी जो ॲम्प सुचवलास त्याला एकच पिन आहे. ‘आई, तुला एकटीला हा भरपूर झाला’ असं लिहिलंस. बोराडेकाकांना त्यांचा वेगळा स्पीकर घेऊ दे, असंही लिहिलंस. ते वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

आज लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. शनिवारी इथे एक प्रकार झाला. कोणीतरी तो मोबाईलवर रेकॉर्ड केल्याची कुणकुण आहे, आणि तुझ्या वर्गातली निम्मी मुलं अजून याच गावात आहेत. फोन करायला दोनदा हातात घेतला, पण तुझा स्पीकर आठवला. हे पत्र स्पीडपोस्टाने टाकते आहे. देवाच्या दयेने ते आधी पोचावं.

दत्तजयंतीचा सप्ताह गुरुवारी संपला. सप्ताहात देवळावर चारी दिशांना भोंगे बांधतात, पारायण शिवारापर्यंत ऐकू जावं म्हणून. एरवी सभामंडपातले दोन स्पीकर तेवढे चालू असतात. मांडववाला भोंगे सोडायला रविवारी येणार होता. आम्हाला महिनाअखेरच्या समारंभाची तयारी करायची होती. ॲम्प अजून घेतलेला नाही, म्हणून बोराडेभाऊ म्हणाले, देवळाच्या मशीनवर एकदा करून बघू, दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. पुजाऱ्याला विचारून गेलो. एक माईक त्यांच्या हातात आणि दुसरा स्टुलावर, माझ्या गिटारच्या भोकासमोर, कारण पिकअप अजून बसवलेला नाही. जोडाजोड त्यांनीच केली. उभं आयुष्य पॉवर हाऊसमध्ये बटणं दाबण्यात काढलेला माणूस, त्यामुळे मशीनच्या मागे जाऊन मी काही बघितलं नाही.

पहिलं गाणं झालं. दुसऱ्यात मी एफवर अडखळले आणि थांबले. म्हटलं, भाऊ, परत पहिल्यापासून घेऊ. ते माईक हातात धरून तसेच उभे राहिले.

“बाई, एक सांगायचं व्हतं. मला भाऊ म्हणत जाऊ नका.”

मला कळलं, दीपक. आपल्याकडे बाईने परक्या माणसाला भाऊ म्हटलं की दाराला कडी लागते. तुझे पप्पा गेल्यापासून मी ज्याला त्याला भाऊ म्हणत आले आहे, दूधवाला भाऊ, गॅसवाला भाऊ, बँकेतला माझ्या निम्म्या वयाचा साहेबही भाऊ. ती कडी काढा, असं ते म्हणत होते. तरी मी वेड पांघरलं. विचारलं, का बरं, सगळं एकलहरे तुम्हाला भाऊच म्हणतं.

“एकलहऱ्यानं म्हणावं. तुमी नका म्हणू.”

मी त्यांच्याकडे न बघता गिटारच्या तारांकडे बघत होते. मनातून घाबरले की मला माहेरची भाषा येते, तशी ती आली. “असं देवळाच्या कोपऱ्यात बोलून काय उपयोग? चार माणसांत सांगायची हिंमत हाय का?”

“हाय,” ते म्हणाले.

काहीतरी करायला हवं म्हणून मी पुन्हा एफ धरला. तो तरीही रडला. तेवढ्यात ठमाबाई पायऱ्या चढून आली, दोन्ही हात कणकेने भरलेले, धापा टाकत.

“बाई, भोंगे चालू हायेत. आख्खं गाव ऐकतंय. फुडचं बोलायचं आसंल तर बोला, नाय तर बटण बंद करा.”

बोराडे मशीनमागे जे गेले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत. चार माणसांत सांगायची हिंमत विचारली होती मी, आणि आमचं बोलणं शिवारात द्राक्षाच्या बागांवर काम करणाऱ्या बायकांपर्यंत गेलं होतं. मी गिटार पिशवीत घातली आणि मान ताठ ठेवून बाहेर पडले. पारावरची माणसं उगाच वर्तमानपत्रात बघायला लागली. नळावरच्या बायका गप्प झाल्या. कोणी हसलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. या गावातल्या दोन पिढ्यांच्या नाकातला शेंबूड मी पुसला आहे, ते कामी आलं असावं.

फक्त समोरच्या म्हाताऱ्या कुसाबाईने खिडकीतून हाक मारली. तिला या वयात कसली भीडभाड. म्हणाली, “त्याचं समदं ऐकलं. तू काय म्हणालीस, ते नाय ऐकू आलं.”

तिला ऐकू येणार कसं, उत्तर म्हणून मी काही म्हणालेच नव्हते. तिलाही काही सांगितलं नाही, बोराड्यांनाही अजून नाही. ते परवापासून तोंड लपवून बसलेत, आपल्या चुकीने माझी बदनामी झाली म्हणून. ठमाबाई सारखी विचारते, तिलाही नाही.

तुला सांगते. मी हो म्हणणार आहे.

तुझी,
आई


एकलहरे
ता. ११ जानेवारी २०२६

चि. दीपक,

आशीर्वाद. वेदिकाचा फोन येतो, तुम्ही बरे आहात हे कळतं. तुझा त्या एका फोननंतर नाही.

पत्राच्या आधी ती क्लिप पोचली. माझं नशीब. तू ओरडला असतास तर मला सोपं गेलं असतं, मीही ओरडले असते. पण तू हळूच म्हणालास, “गावाने आधी ऐकलं, आई. मी शेवटी.” ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही. आता पत्र तुझ्या हातात पडून महिना झाला, म्हणजे तू शेवटपर्यंत वाचलं असशीलच. गावाने ऐकला तो बोराड्यांचा प्रश्न होता, दीपक. उत्तर मी पहिल्यांदा कागदावर लिहिलं, तुझ्या नावाने, आणि पोस्टात देऊन घरी आले. ते पोचेपर्यंत बोराड्यांना ताटकळत ठेवलं. तुला मिळाल्याचं पोस्टाच्या मेसेजवरून कळलं, त्याच संध्याकाळी त्यांना सांगितलं. ते ऐकून खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं.

फोनवर तू आणखीही बोललास. पप्पांच्या जागी दुसरं कोणी तुला कसं चालतं, असं विचारलंस. मला तेव्हा बोलता आलं नाही, आता लिहिते. पप्पांच्या जागी कोणी येत नाहीये. ते बोलायचे कमी, गाण्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं, पण सुट्टीच्या दिवशी माझ्या आधी उठून चहा करायचे आणि चूल मी पेटवली असती तर बरं झालं असतं असा तो चहा असायचा, तरी मी तो संपवायचे. तो संसार मी पुरता केला. त्यातलं काही अर्धवट सोडलं नाही, कशाची खंत नाही. त्यांची जागा त्यांच्याकडे आहे. रिकामी आहे ती माझ्या शेजारची. ती या वयात भरावीशी वाटते यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते मी पुष्कळ शोधून पाहिलं, मला सापडलं नाही.

एकटं वाटत होतं तर आमच्याकडे बडोद्याला का नाही आलीस, हेही विचारलंस. तिथे माझे लाडच होतात, वेदिकासारखी सून शोधून मिळायची नाही. पण तुम्ही दोघं कामावर गेलात की मी दिवसभर फ्रीजची घरघर ऐकत बसते. इथे निदान कोणीतरी माझ्यामुळे बेसूर होतो.

परवा ॲम्प घेतला. तुला सांगायला हवं, सगळी अक्कल तुझी होती. बोराडे आणि मी नाशकात दोन दुकानं फिरलो. पहिल्या दुकानदाराने आम्हा दोघांकडे बघून नातवासाठी का म्हणून विचारलं, आणि एक इलेक्ट्रिकचा ॲम्प एवढ्या मोठ्याने लावला की काचेच्या शोकेसमधली बासरी हलली. मी म्हटलं, आवाज कमी करा. त्याने केला. आणखी कमी करा. तो म्हणाला, मॅडम, मग ऐकू काय येणार. आम्ही निघालो.

दुसऱ्या दुकानात एक शांत बाई होत्या. त्यांनी आमच्या गिटारमध्ये पिकअप बसवून दिला आणि आम्हाला स्टूल देऊन आपल्या कामाला लागल्या. तू सुचवलेला एका पिनेचा तिथे होता. खोटं कशाला लिहू, सगळ्यांत गोड आवाज त्याचाच. अगदी हळू ठेवला तरी प्रत्येक तार वेगळी ऐकू येत होती. तू चांगलाच निवडला होतास. पण त्यात गिटार लावली की बोराडे मुके आणि माईक लावला की मी मुकी. शेवटी दोन पिनांचा घेतला. दुकानातच वाजवून दाखवायला ठेवलेला, एक कोपरा खरचटलेला, म्हणून आपल्याला परवडला. बॅटरीवर चालतो. आवाज तुझ्यावाल्यापेक्षा जरा कोरडा आहे, पण दोघांचा येतो.

बोराडे उचलायला वाकले तर मी त्यांना थांबवलं. मीच तो उचलला, दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि परत चढले. गुडघे कुरकुरले, पण जमलं. ते म्हणाले, मी असताना तुम्ही कशाला उचलता. मी म्हटलं, तुम्ही नसाल तेव्हा कोण उचलणार आहे? त्यांना जरा लागलं असेल. पण मी एकदा त्यातून गेले आहे. एकटीने उचलता आला पाहिजे, ही अट मी लग्न ठरल्यावरही सोडलेली नाही, हे तुला सांगावंसं वाटलं. तुझी आई भाबडी होऊन हे करत नाहीये.

आता कामाचं. बुधवारी, २८ जानेवारीला सकाळी अकरा वाजता रजिस्टर ऑफिसात लग्न आहे. मांडव नाही, पत्रिका नाही, भोंगे तर मुळीच नाहीत. तीन साक्षीदार लागतात. एक ठमाबाई, तिने आत्तापासून सही गिरवायला घेतली आहे. दुसरी बोराड्यांची मुलगी. तीही आधी बरेच दिवस वडिलांशी बोलत नव्हती. मग एकदा ओझरहून आली, आमचा सराव चालला होता, दारात उभी राहून ऐकत होती. जाताना मला विचारलं, तुम्ही त्या दिवशी साडी कोणती नेसणार. तिसऱ्या सहीसाठी देवळाचे ट्रस्टी नाथाभाऊ हात वर करून उभे आहेत. देवळाच्या भोंग्यावरून ठरलेलं लग्न म्हणजे त्यांना आपल्याच घरचं कार्य वाटतंय. त्यांना मी थांबा म्हटलं आहे.

तू नाही आलास तर लग्न थांबणार नाही. हे धमकी म्हणून लिहीत नाही. सगळं तुझ्या येण्यावर टांगून ठेवलं तर पुढे जे होईल त्याचं ओझं जन्मभर तुझ्या डोक्यावर राहील, आणि ते मला नको आहे. आलास तर रागावलेला ये, चालेल. कोणाशी न बोलता मागच्या बाकावर बस, तेही चालेल. त्यांना काकाच म्हण, दुसरं काही म्हणायला तुला कोणी सांगणार नाही.

पण तिथे साहेब मोठ्याने विचारतात म्हणे, साक्षीदार कोण कोण आहेत. दोन नावं मी पटकन सांगेन. तिसऱ्या वेळी मला ‘माझा मुलगा’ असं म्हणायचं आहे, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी त्यांना म्हणणार आहे, साहेब, जरा थांबा, बडोद्याची गाडी उशिरा येते. ते थांबतील तेवढा वेळ मी दाराकडे बघत उभी राहीन. मग नाथाभाऊंना आत बोलवीन.

तू आलास तरी आणि नाही आलास तरी,

तुझीच,
आई